बिनचूक बातमी

दर्यापूर तालुक्यात काही घडले की एका वार्ताहराने लिहायचे आणि सहा पेपरांनी छापायचे, ही तिकडची रूढ झालेली रीत होती. प्रत्येकाने मोटारसायकल काढून त्याच वावरात जाण्यापेक्षा हे सोयीचे पडे. त्या गुरुवारी पाळी गोवर्धनची होती. दुपारी पावणेचारला त्याने वार्ताहरांच्या ग्रुपवर बातमी टाकली, तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकाच्या कार्यालयात संघपाल एकटाच जागेवर होता. इतर उपसंपादक चहाला खाली गेले होते. संघपाल सहसा जात नसे. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याचे शब्द घशाशी येऊन माघारी फिरत. कागदावर मात्र ते त्याचे मुकाट्याने ऐकत.

'शिकाऊ जेट विमान शेतात कोसळले', असा गोवर्धनचा मथळा होता. अमरावतीजवळच्या एका प्रशिक्षण संस्थेचे हे विमान. वैमानिक तरुणीने पॅराशूटने उडी घेतल्याने ती बालंबाल बचावली. तीन ओळींनंतर हीच तरुणी गावकऱ्यांना विमानाच्या आसनावर जखमी अवस्थेत आढळली होती. बॉम्बस्फोटासारख्या आवाजाने परिसर हादरल्याचे शेतकरी चंद्रभान यांनी सांगितले होते. आणि शेवटी एक वाक्य होते : 'शिकाऊ वैमानिकाचे नियंत्रण सुटल्याने हा अपघात घडल्याचे प्राथमिक माहितीत समोर आले आहे.'

त्याच्या आधीच्या ओळीत नाव होते. दीपमाला देवमन तायडे, वय २४, राहणार अकोला.

संघपालने ते नाव दोनदा वाचले. ती जिवंत आहे ना, हाच त्याच्या मनात आलेला पहिला प्रश्न होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. हनुवटीला टाके पडले, बाकी प्रकृती ठीक, असे वाचल्यावर त्याने श्वास सोडला. आणि त्या श्वासामागोमाग, दार उघडे राहिले म्हणून मांजर आत शिरावे, तसे काहीतरी पाय न वाजवता आत आले आणि कोपऱ्यात बसले. अखेर पडली.

अकोल्याच्या विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत दोघे दोन वर्षे एकाच टेबलावर बसले होते. हवामानशास्त्राचे पुस्तक दोघांत एक होते. सकाळी तिच्याकडे, संध्याकाळी त्याच्याकडे. वैमानिक प्रशिक्षणाच्या सरकारी योजनेची निवडयादी लागली तेव्हा त्यात सर्वांत शेवटचे नाव तिचे होते आणि प्रतीक्षायादीत सर्वांत पहिले त्याचे. दोन नावांमध्ये फक्त एक आडवी रेघ होती. त्याने तिला पेढा भरवला. मग आठ महिने कोणीतरी माघार घेईल याची वाट पाहिली. वाट पाहता पाहता लेखी परीक्षेतले दोन विषय घरी बसून काढले. कोणीही माघार घेतली नाही. प्रतीक्षायादीची मुदत संपली, त्या आठवड्यात त्याने या पेपरात अर्ज केला.

दीपमाला मग फोनवरच्या स्टेटसमध्ये राहू लागली. पांढरा सदरा, खांद्यावर पट्टी, मागे विमानाचा पंख. ती रोज काहीतरी लावी आणि संघपाल रोज पाहत असे. त्याने पाहिले हे तिला कळू नये म्हणून फोनमधली ती सोय त्याने बंद करून टाकली होती. मत्सर हा शब्द त्याने स्वतःपुरता कधी वापरला नव्हता. तो त्याला 'आठवण' म्हणे.

त्याने बातमी उघडली आणि कामाला लागला. 'जेट' खोडून 'एका इंजिनाचे चार आसनी प्रशिक्षण विमान' असे केले. पॅराशूट काढले, अशा विमानात शिकाऊ वैमानिक पॅराशूट घेऊन बसत नाही. विमानाची उंची, धावपट्टीपासूनचे अंतर, 'कंट्रोल रूम'ऐवजी 'हवाई वाहतूक नियंत्रण', असे एकेक करत त्याने बातमी घासूनपुसून लख्ख केली. शेवटच्या वाक्याशी मात्र तो थांबला. थांबून त्याने गोवर्धनला फोन लावला.

"नियंत्रण सुटलं, हे कोणी सांगितलं गोवर्धनभाऊ?"

"सांगते कोण? संस्थेवाले फोन उचलून नाही राहिले."

"मग प्राथमिक माहिती कोणाची?"

"प्राथमिक म्हणजे आपलीच ना बावा. विमान पडलं म्हणजे कोणाची तरी चूक असतेच. शिकाऊ पोट्टी, एकटी होती आत. आता काय इंजिनाचा जबाब घेऊ मी?" गोवर्धन हसला. "राहू दे. फोटो पाठवले, पाह्य."

फोटो आले. सोयाबीन काढून रिकामे झालेले काळे वावर, त्यात नाक टेकवून उभे राहिलेले पांढरे विमान. संघपालने फोटो मोठा केला आणि त्याचे बोट स्क्रीनवर तसेच राहिले.

विमानाच्या नाकावरच्या पंख्याला दोन पाती होती. खालचे मातीत रुतून मागे वाकले होते. वरचे आकाशाकडे सरळ उभे होते, त्याला पोचादेखील आलेला नव्हता. पंखा फिरत असताना विमान जमिनीला टेकले असते, तर दोन्ही पाती एकामागून एक मातीत आपटून वाकली असती. ज्याअर्थी एक पाते कोरे होते, त्याअर्थी जमीन गाठण्याआधीच पंखा थांबलेला होता. इंजिन हवेतच बंद पडले होते. पंखांमागच्या, उतरताना वेग कमी करणाऱ्या झडपा पूर्ण खाली सोडलेल्या होत्या. विमान हातातून सुटलेला माणूस हे करत नाही. ती पडली नव्हती, उतरली होती. बंद इंजिनाचे विमान घेऊन एका वावरात उतरली होती.

सबंध कार्यालयात, कदाचित सबंध जिल्ह्यातल्या पत्रकारांत, तो फोटो वाचू शकणारा संघपाल एकटाच होता.

पहिल्या पानावर खाली फोटोला दोन कॉलम जागा होती. फोटो आडवा होता, कुठेतरी कापावा लागणारच होता. त्याने चौकट डावीकडे सरकवली. शेपटी आली, पंख आला, बघ्यांची गर्दी आली. नाक आणि वरचे पाते चौकटीबाहेर गेले. शेवटच्या वाक्याला त्याने हात लावला नाही. चंद्रभानच्या तोंडचा स्फोटही ठेवला. शेतकऱ्याचे म्हणणे आहे, आपण कोण बदलणार, असे स्वतःला सांगितले.

मुख्य उपसंपादक गजेंद्र सरांनी पान पाहिले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा. बाकीच्यांनी जेट अन् पॅराशूट जसंच्या तसं घेतलं असन पाह्य. तू पायलट व्हायले पाहिजे होता लेका."

संघपाल कसनुसे हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दीपमालाच्या वडिलांचा, देवमनकाकांचा फोन आला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. रोज सकाळी विहाराच्या वाचनालयात तीन पेपर समोर मांडून एकच बातमी तिन्हींत ताडून पाहायची, हा त्यांचा नेम होता. ज्यात कमी चुका, त्या पेपरावर विश्वास ठेवायचा. कालव्याच्या पाण्याची मोजमापे त्यांनी अशीच तपासली होती.

"बेटा, एक पेपर म्हणते जेट होतं. दुसरा म्हणते पोरीनं उडी मारली. ते मी वाचूनच बाजूले ठेवले," काका शांतपणे म्हणाले. "तुमच्यात सगळं बरोबर हाय. इंजिन किती, सीटा किती, सगळं. म्हणून मग शेवटची ओळबी मानली."

संघपालच्या कानाशी फोन गरम झाला.

"ती म्हणते इंजिन बंद पडलं. आता स्वतःची चूक कोण सांगते? मी सोमवारी जाऊन संस्थेतून तिचं नाव काढून आणतो. एकुलती एक लेक हाय. आज हनुवटी फुटली, उद्या मान मोडन." मग त्यांनी विचारले, "तू तर त्यातलं शिकला. तू सांग, तिची चूक होती काय?"

एक शब्द पुरेसा होता. 'नाही' या शब्दाला किती वेळ लागतो? पण कोपऱ्यातले मांजर उठून मध्ये येऊन बसले होते.

"चौकशी होईल काका," संघपाल म्हणाला. "मग कळेल."

"म्हणजे असन," काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी गजेंद्र सरांनीच त्याला पुढची बातमी करायला दर्यापूरला पाठवले. बातमीतले विमान त्यालाच समजते, हा लौकिक आता झाला होता. बसमधून उतरून तो सहा आसनी रिक्षाने गावापर्यंत आणि तिथून धुऱ्याने, शेताच्या बांधावरून, चालत वावरात गेला. विमानाभोवती दोरी बांधली होती आणि एक पोलीस बाभळीखाली पेंगत होता. वावराचे मालक चंद्रभान धुऱ्यावर बसले होते. पेपरचा माणूस म्हटल्यावर त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"तुमच्या पेपरात मी म्हटलं म्हणते, का बॉम्बसारखा आवाज आला."

"नव्हता आला?"

"आवाजच तं नव्हता भाऊ. ते विमान रोज जाते इथून, भुंग्यावानी. आमची घरवाली त्याच्या टायमावर चहा ठेवते. काल मी तुरीतून वर पाह्यलं तं वावरावरून नुसती सावली जाऊन राहिली. सावली हाय अन् आवाज नाई. तेच्यानं तं अंगावर काटा आला. गोवर्धनभाऊले तसंच सांगतलं. तो म्हणे, काका, आवाज नसन तर बातमी कशाची?"

"मग?"

"मग काय. पलीकडं पऱ्हाटीत बाया कापूस वेचून राहिल्या होत्या. तिकडं जमीन सपाट हाय, पण बाया होत्या. तिनं वळवलं अन् इकडं आणलं. पेरणीच्या तासाच्या रोखानं, बरोबर. आडवी आली असती तं पालथीच झाली असती. शेवटी भेगेत चाक अडकलं म्हणून नाक टेकलं." चंद्रभानने तंबाखू मळता मळता विमानाकडे मान वळवली. "तोंडावर रगत, अन् दार उघडून मले पहिलं काय म्हणावं? बिडी विझवा काका, पेट्रोल सांडलं असन. बापजन्मात मले कोण्या पोट्टीनं असं दटावलं नाई."

संघपाल चाकांच्या खुणांवरून चालू लागला. काळ्या मातीत तीन रेघा, सोयाबीनच्या तासांना समांतर, दोरी धरून आखाव्यात तशा. त्याने पावले मोजली, एकशे बारा भरली. तो पहिल्या खुणेपाशी, जिथे चाके प्रथम टेकली होती तिथे उभा राहिला आणि त्याने वर पाहिले. कार्तिकातले निरभ्र आकाश होते. तिथून, त्या उंचीवरून, इंजिन मुके झालेले असताना, आपण काय केले असते? तो स्वतःशी खोटे बोलू शकला नाही. त्याला पुस्तकातले पान आठवले असते, पानाचा क्रमांकही आठवला असता. आणि ते आठवेपर्यंत वावर संपले असते.

तेव्हा त्याला आपल्या मत्सराचा तळ दिसला. तिचा नुसता पांढरा सदरा किंवा खांद्यावरची पट्टी नको होती त्याला. तिच्या वाट्याला आलेला हा अपघातही त्याला हवा होता. तिची पडझडसुद्धा त्याला आपली वाटत होती, कोणीतरी यादीतल्या एका रेघेवरून पलीकडे ढकलून दिलेली.

दर्यापूरहून अकोल्याला जाणाऱ्या जीपमध्ये तो मागच्या बाकावर अंग चोरून बसला. अमरावतीची बस त्याच वेळी सुटत होती. तो त्या बसमध्ये का चढला नाही, हे त्याला पुढेही नीट सांगता आले नाही.

देवमनकाकांच्या घरी पुढच्या खोलीत टेबलावर तिन्ही पेपर घडी करून ठेवलेले होते. दीपमाला खाटेवर बसून होती. हनुवटीला पट्टी, आसनाच्या पट्ट्याचा जांभळा वळ सदऱ्याच्या गळ्यातून दिसत होता. तिने त्याच्याकडे पाहिले, उठली नाही.

"ये," ती म्हणाली. "मले वाटलंच होतं, ते पान तूच लावलं असन. पॅराशूट काढणारा तिथं दुसरा कोण हाय?"

"बस बेटा," काका म्हणाले. "चहा घेतो काय?"

तो बसला नाही. बसला असता तर बोलू शकला नसता.

"काका, सकाळी तुम्ही विचारलं होतं. तिची चूक नव्हती. इंजिन वरच बंद पडलं होतं."

"सकाळी तं तू चौकशी म्हणाला."

"सकाळीही मला माहीत होतं. काल दुपारीच माहीत होतं." त्याने खिशातून फोन काढून पूर्ण फोटो टेबलावर, घडी केलेल्या पेपरांवर ठेवला आणि सरळ पाते बोटाने दाखवले. ते सरळ का राहिले, हे समजावून सांगितले. शेतकऱ्याचे म्हणणेही त्याने सांगितले, बिनआवाजाची सावली, पऱ्हाटीतल्या बाया, तासांचा रोख. "शेवटची ओळ खोटी होती. ती मी ठेवली. हे पातं मी कापलं."

काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढला.

"बाकीच्यांनी चुका केल्या," ते हळूहळू म्हणाले, "ते अडाणी म्हणून. तू बाकी सगळ्या चुका काढल्या, अन् एक ठेवली. काहून?"

दीपमाला संघपालच्या तोंडाकडे पाहत होती, आणि तिला ते उत्तर खूप आधीपासून माहीत असावे, असे त्याला वाटले.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "तेवढं मले समजते." मग त्याला म्हणाली, "इथंच लिव. माझ्यासमोर."

त्याने तिच्या टेबलावर बसून लिहिले. 'प्रसंगावधान', 'धाडसी कन्या', 'मृत्यूला चकवा' असे शब्द ओघाने आले, तशी तिने पेन मागून घेतली आणि एकेक खोडला.

"हे काय लावलं? काल मी पाडलं म्हणे, आज मी झाशीची राणी. इंजिन बंद पडलं, कारण चौकशीत कळन, विमान उतरवलं. बस."

"आणि कालच्या ओळीला आधार नव्हता," संघपाल म्हणाला, "हे माझ्या नावानं."

तिने पेन परत दिले.

लिहिलेले त्याने गजेंद्र सरांना फोनवर वाचून दाखवले. "खुलासा सातव्या पानावर देतो आपण, चार ओळी. अन् नाव कशाले टाकते? पेपराची इज्जत हाय की नाही? उद्या लोक म्हणतीन मुद्दाम छापलं, परवा वकील येईन दारात."

"मुद्दामच छापलं सर."

"हे तू मले सांगितलंच नाही," सर म्हणाले. "ऐकू नाही आलं मले."

"मग मी लिहून देतो. जागा कालचीच हवी. फोटो पूर्ण लागेल. तुम्हाला मला काढायचं असेल तर रविवारी काढा, उद्याचं पान लागल्यावर."

आयुष्यात इतके सलग तो वरिष्ठांशी प्रथमच बोलला होता. शनिवारच्या पेपरात तो खुलासा आला. पहिल्या पानावर खाली, दोन कॉलम, पूर्ण फोटो. 'शुक्रवारच्या अंकातली ओळ निराधार होती आणि ती निराधार असल्याचे मला ठाऊक होते', या वाक्यातला उत्तरार्ध सरांनी कापला होता. संघपालची नोकरी राहिली, पण त्याला जिल्ह्याच्या पानावरून काढून बाजारभाव आणि वाढदिवसाच्या पानावर बसवण्यात आले. त्याने तक्रार केली नाही.

सोमवारी सकाळी तो अमरावतीच्या बसस्थानकावर गेला. देवमनकाका लेकीला संस्थेत सोडायला येणार, हे तिने एका ओळीच्या संदेशात कळवले होते. ये असे लिहिले नव्हते. अकोल्याची बस लागली. काका बॅग घेऊन उतरले. त्यांनी शनिवारी तीन पेपर ताडून पाहिले होते आणि मग आणखी एक गोष्ट केली होती: स्वतः दर्यापूरला जाऊन चंद्रभानला भेटून आले होते. आता ते नुसत्या पेपरावर विश्वास ठेवत नसत. संघपालला पाहून त्यांनी मान हलवली, बॅग खाली ठेवली आणि रिक्षा ठरवायला पुढे गेले.

दीपमालाच्या हनुवटीवर आता लहानशी पट्टी होती. "आज चौकशीत जबाब देणार," ती म्हणाली. "मग डॉक्टर तपासतीन. मग पुन्हा उडणं."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना."

शुक्रवारपासून जे त्याला विचारायचे होते, ज्यासाठी तो आज खरोखर आला होता, ते त्याने अखेर विचारले. "इंजिन बंद पडल्यावर, खाली येईपर्यंत... कसं होतं ते? कसं वाटतं?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. त्याच्या डोळ्यांतली भूक तिला दिसली असावी. अभ्यासिकेत संध्याकाळचे साडेपाच वाजले की तो पुस्तकाकडे असाच पाहत असे.

"बातमीले लागते तेवढं तुले सांगितलं संघपाल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बाकीचं माझं हाय. ते नाही देत मी."

काकांनी रिक्षातून हाक मारली. ती बॅग उचलून गेली. संघपाल स्थानकाच्या गर्दीत उभा राहिला, आणि तिच्याजवळ जे राहिले होते त्याची लांबी किती सेकंद असेल, याचा हिशेब त्याचे मन, त्याला न विचारता, उंचीवरून आणि उतरण्याच्या वेगावरून करू लागले. हिशेब बरोबर येत होता. नव्वद सेकंद, फार तर शंभर. त्यांत काय होते, ते मात्र कोणत्याच सूत्रातून निघत नव्हते.